भिवराच्या चाकातला काटा

खूप जुनी गोष्ट आहे, बाळांनो, आणि बाळांच्या मागे बसून कान देणाऱ्या थोरांनो, तुम्हीही ऐका. इतकी जुनी, की तेव्हाचे डोंगर आजच्यापेक्षा वीतभर उंच होते आणि साळिंदरं माणसांशी बोलत. त्या काळी डोंगराडोंगरांचं एक राज्य होतं. तिथल्या वाटा अशा अरुंद आणि खडकाळ, की रथ चालत नसत आणि घोडे टिकत नसत. म्हणून तिथल्या राजाने सायकली ठेवल्या होत्या.

आता कोणी शहाणा लगेच विचारेल, राजाच्या काळात सायकल कुठून आली? त्याला माझं इतकंच सांगणं. साळिंदर बोलतं हे तू मुकाट ऐकून घेतलंस ना? मग सायकलीनेच तुझं काय घोडं मारलंय? गप बस आणि ऐक.

ती सायकलही साधीसुधी नव्हे. रुंद चाकं, चाकांवर दातेरी टायर, टायरच्या पोटात रबराची ट्यूब. आणि ट्यूबच्या पोटात काय? हवा. नुसती हवा! स्वार पाठीवर औषधं, बियाणं, राजाचे निरोप घेऊन बसायचा, आणि तो सगळा भार दगडधोंड्यांवरून कोण वाहून न्यायचं, तर डोळ्यांना न दिसणारी ओंजळभर हवा.

भिवरा नावाच्या एका पोरीला लहानपणापासून याचंच नवल वाटे. तिच्या आक्काने, म्हणजे थोरल्या बहिणीने, तिला पहिल्यांदा सायकलवर बसवलं तेव्हा ती ओरडली होती, "आक्का, आपण वाऱ्यावर बसलोय गं!" आक्काला हसू आवरेना. भिवरा मात्र खाली उतरून कितीतरी वेळ चाकाला कान लावून बसली होती.

या दोघींचे आईबाप लवकर गेले. आक्कानेच भिवराला भरवलं, न्हाऊमाखू घातलं, वाढवलं. पुढे आक्का लग्न होऊन खिंडीपलीकडच्या पल्याडवाडीत नांदायला गेली, आणि भिवरा राजाची डोंगरस्वार झाली. नुकतंच आक्काला बाळ झालं होतं. मुलगी. भिवराने अजून तिचं तोंडही पाहिलं नव्हतं, पण पाडवा झाला की बारशाला जायचं, असं तिने ठरवून ठेवलं होतं.

आता या डोंगरस्वारांची एक रीत सांगतो, कारण सगळं पाणी तिथेच मुरतंय.

दर गुढीपाडव्याला दरबार भरे. प्रत्येक स्वार आपल्या मागच्या चाकाची ट्यूब काढून राजापुढे ठेवी. ज्याच्या ट्यूबवर सर्वात जास्त ठिगळं, तो सर्वात शूर. का? तर ज्याला जास्त काटे लागले, तो जास्त अवघड वाटांनी गेला असणार! मग राजा त्याच्या फेट्यात स्वतःच्या हाताने लाल रबराची एक चकती खोवी. राजाच्या पणजोबांच्या पहिल्यावहिल्या सायकलची ट्यूब राजवाड्यात जपून ठेवली होती, तिच्यातूनच ती चकती कापलेली असे. ती मिळालेला माणूस वर्षभर मान वर करून चाले.

रीत चांगल्या मनाने सुरू झाली होती, नाही कोण म्हणतो! पण माणूस हा मोठा बेरकी प्राणी आहे. काही वर्षांत स्वारांच्या ध्यानात आलं, की अवघड वाटा तुडवायची गरजच काय? डोंगराच्या पायथ्याला बाभूळबन आहेच की. मग काय, पाडवा जवळ आला की निरोप असो वा नसो, जो तो बाभूळबनातून फेऱ्या मारू लागला. फुस्स झालं की लाव ठिगळ. पुन्हा फुस्स, पुन्हा ठिगळ. वाटेतले काटे उचलून टाकणारा वेडा ठरला, आणि थांबून टायर आतून चाचपणारा भित्रा. "काटे हुंगत बसायला आपण काय शेळ्या आहोत?" असं म्हणून स्वार एकमेकांना टाळ्या देत.

आणि या सगळ्यांत भिवरा पहिली! तिच्याइतक्या झटपट ठिगळ लावणारं माणूस साऱ्या राज्यात नव्हतं. ट्यूब ओढायची, थुंकी लावून बुडबुडा बघायचा, रबराचा चीक फासायचा, ठिगळ दाबायचं, हवा मारायची आणि चालू लागायचं. बघणाऱ्याने तांब्याभर पाणी पिईपर्यंत ती वळणाआड गेलेली असे. मागल्या पाडव्याची लाल चकती तिच्याच फेट्यात होती, आणि यंदाचीही तिलाच हवी होती. म्हणून पाडव्याच्या आधी तीही बाभूळबनात जाऊन आली. एकदा नव्हे, चांगली मनसोक्त हिंडून आली.

पाडवा उद्यावर आला होता. दुपार कलत होती. भिवरा डोंगरमाथ्यावरच्या चौकीत निरोप पोचवायला आली होती. चौकीवर एक म्हातारा नाईक असे, चहूकडे नजर ठेवणं हे त्याचं काम. तिने त्याला रामराम घातला, पण त्याचं लक्षच नव्हतं. तो पश्चिमेकडे बघत उभा होता.

"काय झालं, काका?"

"वणवा, पोरी."

भिवराने पाहिलं. दूरच्या डोंगरउतारावर एक तांबडी रेघ वळवळत होती. वणवे तिने पुष्कळ पाहिले होते, हा मात्र वेगळा होता. त्याचा आवाज इथवर ऐकू येत होता. एखादा अजस्र प्राणी झोपेत घोरावा तसा. धुराचा लोट एवढा, की त्याच्यामागे सूर्य एखाद्या जुन्या तांब्याच्या पैशासारखा दिसत होता. दोघंही काही क्षण हात जोडल्यासारखी उभी राहिली.

"वारा फिरलाय," नाईक म्हणाला. "खिंडीच्या अंगाला वळला तो. संध्याकाळच्या आत पल्याडवाडीवर उतरेल."

"पल्याडवाडीला दिसत नसेल का?"

"कसं दिसेल? मधे हा एवढा डोंगर आडवा. धूर वरच्या वर चाललाय. माणसं खळ्यावर असतील, पोरंबाळं गवताच्या झापांत निजली असतील. शिंग फुंकून माझा घसा फुटला. आवाज पलीकडे जात नाही."

भिवराच्या डोळ्यांपुढे आक्काचं घर उभं राहिलं. गवताने शाकारलेलं. दारापर्यंत वाळलेलं गवत. आणि आत पाळण्यात ते न पाहिलेलं बाळ.

"काका, मी जाते."

"जा माझे बाई. पायी गेलेल्याला हे जमायचं नाही, चाकावरच जमेल. वणव्याच्या आधी पोच, म्हणजे झालं."

भिवरा निघाली. काय निघाली! भाता फुंकावा तशी तिची छाती वरखाली होत होती, खडे उडत होते, आणि चाकांतला वारा तिला उचलून नेत होता. तिला वाटलं, मी ही आत्ता पोचले. आणि खिंडीचा चढ सुरू होतो न होतो तोच मागून तो ओळखीचा आवाज आला. फुस्स.

"हात्तिच्या!" ती म्हणाली. घाबरली मुळीच नाही. राज्यातली सर्वात चपळ ठिगळवाली ती, तिला कसली भीती? ट्यूब ओढली, थुंकी लावली, भोक सापडलं, ठिगळ मारलं, हवा भरली, निघाली.

जेमतेम दोन वळणं चढली असेल. फुस्स.

आता तिने दात-ओठ खाल्ले. पुन्हा तेच सगळं, आधीपेक्षाही भरभर. पुन्हा निघाली. वर आभाळ पिवळं पडत चाललं होतं आणि राख भुरभुरायला लागली होती. खिंडीच्या तोंडाशी ती पोचली. तिथून पुढे सगळा उतारच उतार. तिने सुटकेचा श्वास टाकला, आणि चाकानेही टाकला. फुस्स!

खिंडीत एक झरा होता. काळ्या कातळातून झिरपणारं पाणी एका खोलगट कुंडात साचायचं. त्याच्या काठी तिने सायकल आडवी टाकली आणि डबी उघडली. डबीत चीक होता, पण ठिगळ एकही उरलं नव्हतं. सगळी ठिगळं बाभूळबनात संपली होती. मिरवण्यापायी.

भिवरा कुंडाच्या काठावर बसली आणि मोठ्याने रडू लागली. "आक्का," ती म्हणत होती, "आक्का गं!"

"अगं, रडतेस काय गळा काढून? झोपमोड केलीस माझी."

कातळाच्या कपारीतून एक साळिंदर बाहेर आलं. म्हातारं होतं. तोंड पांढरं, चाल फेंगडी, आणि अंगावर काळेपांढरे काटे असे खुळखुळत होते, की एखादा बैरागी खडावा वाजवत यावा. डोळे चोळत ते तिच्याकडे आणि मग सायकलीकडे बघू लागलं.

"आजोबा," भिवरा हुंदका आवरत म्हणाली, "वणवा येतोय. माझी आक्का पल्याडवाडीत आहे, तिचं तान्हं बाळ आहे, सारी वाडी आहे. आणि या मेल्या रस्त्यावर पावलापावलावर काटे! तीनदा पंक्चर झाली."

"दाखव ती ट्यूब."

तिने दाखवली. साळिंदराने नाक जवळ नेऊन हुंगली. मग पुढच्या पंजाने दोन नवी ठिगळं दाखवली, आणि त्यांना अगदी खेटून असलेलं तिसरं भोक.

"तिन्ही शेजारी शेजारी. हो ना?"

"हो."

"रस्ता एवढा लांब, चाक एवढं गोल. रस्त्यावरचे तीन वेगवेगळे काटे येऊन येऊन नेमके एकाच जागी टोचतील? मला काट्यांतलं शिकवू नकोस, माझा सारा जन्म त्यांच्यात गेलाय. काटा रस्त्यावर नाही, पोरी. एकच काटा आहे, आणि तो तू बरोबर घेऊन हिंडतेस."

खिंडीत वारा थांबला होता, आणि त्या शांततेत वणव्याची घरघर आता स्पष्ट ऐकू येत होती. इतकी वर्षं तिने चाकं उघडली होती, इतकी ठिगळं लावली होती, आणि टायरच्या आत काय दडलंय हे एकदाही बघितलं नव्हतं.

तिने टायरच्या आत हात घातला आणि गर्रकन फिरवला. काही नाही.

"काही नाहीये आजोबा!"

"घाईची बोटं आंधळी असतात. डोळे मीट. चुलीवरच्या दुधाला साय आली का हे जसं हळूच बघतात ना, तसा हात लाव."

आता सांगा, डोक्यावर राख पडतेय, बहीण तिकडे, आणि हे काटेरी म्हातारं म्हणतंय हळू! तुम्ही-आम्ही असतो तर त्याला शिव्या घालून पायी पळत सुटलो असतो. पण भिवराने डोळे मिटले. बोटांचं टोक टायरच्या आतल्या कडेने सावकाश सरकवत नेलं. रबर, रबर, वाळूचा कण, रबर. आणि मग एकाएकी बोटाला काहीतरी चावलं.

तिने डोळे उघडले. बोटावर रक्ताचा थेंब होता. टायर वाकवून पाहिलं, तर आतल्या बाजूला तिळाएवढं काळं टोक डोकावत होतं. बाहेरून बघावं तर नुसता एक ठिपका, नजरेला न येणारा.

साळिंदराने अंग झटकलं. एक काटा तिच्या पुढ्यात पडला. "काट्यानेच काटा निघतो. आतून बाहेर ढकल."

भिवराने ढकलला. सुटला आणि तिच्या तळहातावर येऊन पडला. बाभळीच्या काट्याचं मोडकं टोक. तिने ते ओळखलं. या डोंगरावर, या वाटेवर, दूरदूरपर्यंत बाभूळ नव्हती. बाभूळ होती ती फक्त पायथ्याच्या बनात, जिथे ती आपण होऊन गेली होती, आपल्या मानासाठी.

ती त्या टोकाकडे बघतच राहिली. तिच्यामागे आभाळाला भिडलेली आग होती आणि हातावर हे तिळाएवढं टोक होतं. आणि तिला लख्ख कळलं, की आज तिच्या आक्काच्या जिवाला त्या आगीइतकीच या टोकाची भीती होती. एवढंसं टोक, आणि एवढी मोठी वाडी!

"बरं, आता भोक बुजव," साळिंदर म्हणालं.

"कशाने? ठिगळच नाहीये."

साळिंदराने फक्त तिच्या डोक्याकडे पाहिलं.

भिवराचा हात आपोआप फेट्याकडे गेला. लाल चकती! अस्सल रबर, राजाच्या पणजोबांच्या ट्यूबचं. वर्षभर ती चकती तिने जिवापाड जपली होती. तेल लागू दिलं नव्हतं, ऊन लागू दिलं नव्हतं. आणि खरं सांगतो, त्या घडीलाही तिचा हात एक क्षण अडखळला. माणसाचं मन असंच असतं, त्याला काय करणार? पण दुसऱ्याच क्षणी तिने ती ओढून काढली, कातळावर घासघासून खरखरीत केली, भोकाच्या भोवती ट्यूबही घासली, आणि दोन्हींना चीक फासला.

ती चकती दाबणार, एवढ्यात साळिंदर खेकसलं, "थांब! चीक ओला आहे."

"आजोबा, आग येतेय!"

"म्हणूनच थांब. आधीची ठिगळंही अशीच ओल्यावर मारलीस, बघ कडा सुटल्यात. चीक जरा सुकू दे, बोटाला चिकटेनासा होऊ दे. ओलं ठिगळ अर्ध्या उतारावर दगा देईल, आणि तिथे मी नसेन."

आयुष्यात भिवराने कधी ठिगळापायी क्षणभरही वाट पाहिली नव्हती. आता ती हातात ट्यूब धरून बसली. डोंगराआडून तांबडा उजेड वर येत होता. भेकरं, ससे, तितर भेदरून खिंडीतून पळत होते, आणि कोणी कोणाला भीत नव्हतं. पळता पळता एक कोल्हा आणि एक ससा कुंडावर शेजारी शेजारी पाणी प्यायले आणि आपापल्या वाटेने गेले. भिवराला वाटलं, सारी सृष्टी धावतेय आणि मी एकटी बसलेय. चीक सुकण्याइतका मोठा वेळ जगात दुसरा नसेल.

मग तिने बोट लावून पाहिलं. चिकटलं नाही. तिने चकती ठेवली आणि दोन्ही अंगठ्यांनी सगळा जीव एकवटून दाबली. थोडी हवा भरून ट्यूब कुंडात बुडवली. त्या दोन ठिगळांच्या कडेने बारीक बुडबुडे आले, मोत्यांच्या सरासारखे. लाल चकतीच्या कडेने एकही आला नाही.

"त्या दोन्ही कडांना पुन्हा चीक लाव. सुकू दे. मग दाब," साळिंदर म्हणालं. तिने तेही केलं. पुन्हा ट्यूब बुडवली. या वेळी पाणी हललंच नाही. स्वच्छ, गप्प पाणी. तिला इतका आनंद झाला, की ती पुन्हा रडली.

टायर चढवला, हवा भरली. नेहमीसारखी अर्धीमुर्धी भरून ती उठणार होती, पण साळिंदराने पंजाने चाक दाबून पाहिलं आणि नाक मुरडलं. "मऊ आहे. मऊ चाक धोंड्यावर आपटलं की ट्यूब मधे चेंगरते, आणि काट्यावाचून भोक पडतं. भर अजून." अंगठ्याने दाबलं तर दबू नये, इतकी हवा तिने भरली.

"आजोबा, तुम्ही चला ना माझ्याबरोबर. आग इथेही येईल."

"माझं घर दगडात आहे. तू जा. आणि हे बघ, उतारावर वाट निवडून जा. लवकर पोचायचं तर आधी धड पोचायला हवं."

भिवरा निघाली. उतारावर दोन वाटा फुटत. डावीकडची जवळची, पण काटेरी झुडपांतून. स्वार नेहमी तीच धरत, अभिमानाने. उजवीकडची कातळावरून लांब वळसा घेणारी, पण स्वच्छ. तिने उजवी धरली. चाक कातळावर गुणगुणत होतं. तिच्या खाली तीच ओंजळभर हवा होती, आणि त्या हवेला एका लाल चकतीने धरून ठेवलं होतं. लहानपणचं ते नवल तिला पुन्हा आठवलं. आपण वाऱ्यावर बसलोय. आज तिला ते बोलतानाही भीती वाटली असती.

पल्याडवाडी खळ्यावर होती. कोणी उफणत होतं, कोणी हसत होतं. भिवरा ओरडतच शिरली, "वणवा! वणवा आलाय! पोरं उचला, गुरं सोडा, नदीत चला!"

पहिल्यांदा माणसं नुसती बघत राहिली. मग डोंगराच्या धारेवर पहिली ठिणगी चमकली, आणि एकच पळापळ उडाली. गुरांची दावी कापली गेली, म्हाताऱ्यांना पाठीवर घेतलं गेलं. भिवरा आक्काच्या दारात पोचली तेव्हा आक्का पाळण्यातलं बाळ उचलत होती. भिवराने बाळाची दुपटी उचलली, आक्काने बाळ छातीशी धरलं, आणि सारी वाडी कोरड्या नदीच्या वाळूत उतरली.

आणि मग तो आला. नदीच्या काठाने, वाडीच्या डोक्यावरून, आगीचा डोंगरच्या डोंगर चालत गेला. वाळूत बसलेल्या माणसांनी वाळू उकरून लागलेल्या पाण्यात पदर भिजवून तोंडावर धरले होते. कोणी किंकाळी फोडली नाही. तो आवाज, तो उजेड, ती धग असली होती, की माणूस आपोआप मान खाली घालतो. घरं जळाली, खळं जळालं. पण नदीत माणसं मोजली तेव्हा सगळी होती. गुरंही होती.

राख थंड झाल्यावर आक्काने बाळ भिवराच्या मांडीवर ठेवलं. भिवराने त्याचं तोंड पहिल्यांदा पाहिलं. ते गाढ झोपलं होतं.

"भिवरे," आक्का एकदम म्हणाली, "तुझी लाल चकती गं कुठाय?"

"चाकात आहे, आक्का."

दुसऱ्या दिवशी पाडवा. दरबार भरला. पल्याडवाडीची बातमी पोचली होती, त्यामुळे भिवरा आत येताच सगळे उठून उभे राहिले. ट्यूबा मांडल्या गेल्या, ठिगळं बघितली गेली, आणि सर्वात जास्त भिवराचीच भरली. राजा तबकातली नवी चकती उचलून हसत पुढे आला.

भिवराने हात जोडले. "महाराज, ही मला नको." तिने कमरेची पुरचुंडी सोडली आणि ते तिळाएवढं टोक तबकात ठेवलं. मग सारं सांगितलं. बाभूळबन, संपलेली ठिगळं, एकाच जागची तीन भोकं. काही लपवलं नाही.

राजाला आधी ते टोक दिसेना. तो वाकला. आणखी वाकला. साऱ्या दरबाराने आपला राजा एवढा वाकलेला कधी पाहिला नव्हता. मग त्याने ते टोक चिमटीत धरलं, आणि त्याच्याही बोटातून रक्ताचा थेंब आला.

"एवढंसं," तो हळूच म्हणाला. "आणि हे तुझ्या चाकात तू घातलं नाहीस, पोरी. भोकं पाडणाऱ्याला मान देऊन आम्ही घातलं."

स्वार माना खाली घालून उभे होते, कारण प्रत्येकाला आपापली बाभूळ आठवत होती.

मग राजाने काय केलं? ज्याच्या ट्यूबला ठिगळ नाही त्याला चकती द्यायची, असं कोणी मंत्री सुचवायला लागला. राजा म्हणाला, "म्हणजे उद्या सगळे स्वार घरात सायकली झाकून बसतील! राहू दे तुमचं." त्याने चकतीची रीतच मोडली. त्या पाडव्याला सारा दरबार कोयते घेऊन निघाला, राजा सगळ्यात पुढे. आधी पल्याडवाडीची घरं उभी केली, आणि मग साऱ्या वाटांवरचे काटे वेचले. तेव्हापासून त्या राज्यात कोणताही स्वार निघण्याआधी अंगठ्याने चाक दाबून बघे. आणि चाक बसलंच, तर ठिगळाला हात लावण्याआधी डोळे मिटून टायरच्या आतून बोट फिरवी.

साळिंदराला भिवराने नंतर फार शोधलं. खिंडीतला कातळ काळा पडला होता, झरा वाहत होता, आणि कपारीतून कोणीतरी खेकसलं, "झोपू दे की जरा!" ती हसली आणि आल्यापावली परतली.

तिच्या मागच्या चाकातलं ते लाल ठिगळ कधीच सुटलं नाही. त्याच चाकावर पुढे तिने आक्काच्या लेकीला बसायला शिकवलं.

म्हणून लक्षात ठेवा: भोक बुजवण्याआधी काटा शोधावा, आणि काटा शोधताना आधी आपल्याच चाकात हात घालावा.